पाटावरची कुदळ

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीसाठी एक स्थळ सांगून आले होते. मुलगा सैन्यात कॅप्टन, वडील निवृत्त शिक्षक, देण्याघेण्याची बोलणी नाहीत, पत्रिकेचा आग्रह नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्याच एका स्नेह्यांच्या घरी दोन्हींकडची वडील मंडळी चहापाण्याला जमली होती आणि सगळे कसे मनासारखे चालले होते. तेवढ्यात आमच्या नात्यातल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी, त्यांना आपण तात्या म्हणू, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारले, "सैन्यात म्हणजे नक्की कुठे? मराठा लाइट इन्फंट्रीत का?"

मुलाचे वडील नम्रपणे म्हणाले, "नाही, इंजिनिअर्समध्ये. बॉम्बे सॅपर्स."

"म्हणजे पूलबिल बांधणारे ना ते?" तात्यांचा उत्साह एकदम ओसरला. "मग पलटणीतला गवंडीच म्हणा की! मला वाटले, लढणारा आहे."

हशा पिकला. मुलाचे वडीलही कसनुसे हसले. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो.

रात्री पुतणी माझ्याजवळ येऊन बसली. ती स्वतः इंजिनिअर. म्हणाली, "काका, तात्याआजोबांचे सोडा. त्यांना कोणी सांगितलेच नसेल. पण तुम्ही का हसलात? तुम्हाला तर माहीत होते."

मला खरोखरच माहीत होते. म्हणून हा लेख. याला माझ्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणा, किंवा तात्यांशी उघड भांडण म्हणा. मला दोन्ही मान्य आहे.

माझे आजोळ नगर जिल्ह्यातले. माझे मामा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुण्याजवळच्या खडकीला सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात जाऊन आले, आणि हवालदार म्हणून पेन्शनीत निघाल्यावर बहिणीकडे म्हणून आमच्याकडे औरंगाबादला आले ते कायमचेच. आजोळची जुनी माणसे त्यांना 'सफरमैनातला' म्हणत. 'सॅपर्स अँड मायनर्स' या इंग्रजी नावाला आपल्या जिभेने घातलेले हे देशी आंगडे. आम्हां मुलांना मात्र मैना म्हटल्यावर पक्षीच आठवायचा आणि हसू यायचे. म्हणजे या बाबतीत हसण्याची खोड मला लहानपणापासूनची आहे.

मामांच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती. आम्ही त्यांना विचारीत असू, "मामा, तुम्ही किती शत्रू मारले?" ते म्हणायचे, "एकही नाही रे. मी वाटा केल्या." आमचा फार विरस होई. शेजारच्या मुलाचे आजोबा पायदळात होते आणि त्यांच्यापाशी संगिनीच्या हल्ल्याची एक गोष्ट होती. आमच्या मामांपाशी काय होते? एक कुदळ. दौलताबादला किंवा वेरुळला सहलीला गेलो की आडवाटेवर ते आम्हा पोरांना पुढे धावू देत नसत. "थांबा, आधी मी," एवढेच म्हणायचे आणि खाली बघत पुढे चालू लागायचे. आम्हाला ती म्हातारपणाची धास्ती वाटे. त्या तीन शब्दांत त्यांच्या दलाची सगळी परंपरा होती, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आता तात्यांच्या वाक्याकडे वळू. त्यात दोन समजुती आहेत. एक, बांधणारा तो लढणारा नव्हे. दुसरी, गवंडी म्हणणे ही शिवी आहे. दोन्ही खोट्या आहेत, आणि दुसरी पहिलीहून अधिक घातक आहे.

पहिलीचा निकाल लावायला तात्यांना आपले शहर सोडून कुठे जायला नको. या शहराचे मूळ नावही खडकीच. १६१० मध्ये ते मलिक अंबराने वसवले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि मोगल फौजांना त्याने गनिमी काव्याने वर्षानुवर्षे जेरीस आणले. त्याच्या लढाया इतिहासाच्या पुस्तकात गेल्या. त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले, ते मात्र त्याच्यामागे शतकानुशतके वाहत राहिले. लढवय्या अंबर आणि पाणी आणणारा अंबर ही दोन माणसे होती काय? ज्याला पाणी कुठून येते आणि वाट कुठून जाते हे कळते, त्यालाच मुलूख राखता येतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

तिथून चौदा-पंधरा कोसांची रपेट नको, अर्ध्या तासात दौलताबाद येते. देवगिरीचा तो किल्ला कोणत्या तलवारीने राखला? डोंगराचा कडा माणसांनी छिन्नीहातोड्याने तासून भिंतीसारखा उभा केला, भोवती खडकात खोल खंदक खोदला, वर जायला आतल्या अंधारी वाटेखेरीज मार्ग ठेवला नाही. शत्रूची चाल हजार तलवारींनी अडणार नाही अशी त्या तासलेल्या कड्याने अडवली. आणि तोच किल्ला पडला कसा, तेही ऐका. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. बाहेरच्या तटाला मलिक अंबराचेच नाव, अंबरकोट. त्या तटाखाली मोगलांच्या माणसांनी सुरुंग खणले, त्यांत दारू ठासली आणि तट उडवला. मग आतल्या महाकोटाची पाळी आली. आत धान्य संपले, माणसे उपासमारीने हैराण झाली, आणि अंबराचा मुलगा फत्तेखान याने जून महिन्यात किल्ला स्वाधीन केला. खणणाऱ्यांनी राखलेला किल्ला खणणाऱ्यांनीच घेतला. तलवारवाले पडलेल्या भगदाडातून मागाहून आत शिरले.

'सॅपर' हा शब्दसुद्धा इथलाच वाटावा असा आहे. किल्ल्याच्या दिशेने नागमोडी वळणे घेत खणत नेलेल्या चरीला 'सॅप' म्हणतात. ती खणणारा तो सॅपर. आपल्या जुन्या मराठी कागदांत मोर्चे, दमदमे, सुरुंग आणि बेलदार हे शब्द जागोजाग भेटतात. मराठी फौजेबरोबर बेलदार असत. त्यांच्यावाचून तोफ पुढे सरकत नसे. पण त्या बेलदारांतल्या एकाचे नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव राहिले, कारण जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पडतील अशा जागी, त्यांनी आपण सेवेला तत्पर आहोत एवढेच कोरून ठेवले. ते न कोरते, तर तेही गेले असते.

आणि ज्या फौजेला आपल्याच नदीचा उतार राखता येत नाही, तिचे काय होते? तेही आमच्या मुलखातच घडले. जालना जिल्ह्यातले, पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातले, असई. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांच्या फौजेपाशी सुमारे शंभर तोफा होत्या, गोलंदाज असे की मरेपर्यंत तोफेपासून हलले नाहीत. समोर वेलस्लीची फौज त्यांच्या मानाने मूठभर, आणि मध्ये केळणा नदी. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले, जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसली. त्याने ताडले, दोन गावे अशी समोरासमोर आहेत त्या अर्थी माणसे इकडून तिकडे जात असलीच पाहिजेत. उतार निघाला, फौज पार झाली, आणि तो उतार आपल्या बाजूने रोखून धरलेला नव्हता. आपण कमी शूर होतो म्हणून असई हरलो असे कोणी म्हणणार नाही. शत्रूनेही म्हटले नाही. पण 'नदी कुठून ओलांडता येते' हा सवाल आपण बेलदाराचा समजत होतो आणि समोरचा सेनापती तो स्वतःचा समजत होता. या फरकाची किंमत आपण एका दुपारी मोजली.

आता आजच्या सॅपरकडे येऊ. भारतीय सैन्यात इंजिनिअरांचे तीन जुने गट आहेत: बंगळूरचे मद्रास सॅपर्स, रुरकीचे बंगाल सॅपर्स आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्स. पायदळातला साधा शिपाई तो शिपाई. या दलातल्या साध्या शिपायाची पदवीच 'सॅपर'. दलाचे ब्रीद एका शब्दाचे, 'सर्वत्र'. काम तीन प्रकारचे. आपल्या फौजेला वाट करून द्यायची, शत्रूची वाट बंद करायची, आणि जिथे काहीच नाही तिथे आपल्या माणसांना पाणी, आसरा आणि आडोसा मिळवून द्यायचा. ऐकायला हे सार्वजनिक कामासारखे वाटते. पण पहिले काम गोळ्यांच्या पावसात, आणि तेही सगळ्यांच्या पुढे राहून करायचे असते, एवढे लक्षात ठेवा.

सुरुंग कसा काढतात ते मामांनी मला एकदा अंगणात दाखवले होते. पोटावर पालथे झोपायचे. संगीन तिरपी धरून माती हळूहळू टोचत जायचे. उभी टोचायची नाही, कारण सुरुंगाचा जीव त्याच्या डोक्यात. वरून दाब पडला की तो उडतो. तिरप्या टोकाला काही कठीण लागले की थांबायचे आणि बोटांनी कडेची माती बाजूला करायची, बाळाच्या डोळ्यांतले कुसळ काढावे तशी. मग पुढची वीतभर जमीन. साफ झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी पांढरी फीत अंथरत जायचे. हे सगळे करताना शत्रू समोरून बंदूक चालवीत असतो आणि सॅपरचे दोन्ही हात मातीत गुंतलेले असतात. त्याला उलट गोळी झाडता येत नाही. रागाच्या भरात धावून जाण्याचे शौर्य मी कमी लेखीत नाही. पण रागाची मदत न घेता, हात कापू न देता, इंच इंच पुढे सरकण्याचे शौर्य कोणत्या जातीचे असेल याचा तात्यांनी एकदा विचार करावा.

१९४१ च्या जानेवारीअखेरची गोष्ट. अ‍ॅबिसिनियाच्या सरहद्दीवर मेतेम्मा घेतल्यावर आपली एक तुकडी माघार घेणाऱ्या इटालियन फौजेच्या पाठीवर निघाली. रस्त्यात सुरुंग पेरलेले. तुकडीच्या अग्रभागी बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. वय बावीस. चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनी सुरुंग पेरलेले १५ टापू साफ केले. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, स्फोटाने कानाचा पडदा फाटला, थकवा अनावर झाला. विसावा देऊ केला तर त्यांनी नाकारला. या कामाचा सराव आता आपल्याला झाला आहे, तेव्हा ते आपणच पुरे करावे हे बरे, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. या चार दिवसांत त्यांनी शत्रूवर किती गोळ्या झाडल्या, हे विचारण्याचे कोणालाही कारण पडले नाही.

आणि राम राघोबा राणे यांचे नाव तरी ऐकले असेल? कारवारजवळच्या चेंडिया गावचे. हे नाव आपल्या घराघरांत असायला हवे. १९४८ च्या एप्रिलात नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली. राजौरीत लोकांवर अत्याचार चालले होते, एकेक दिवस मोलाचा होता. रस्ता सुरुंगांनी आणि तोडून आडव्या टाकलेल्या झाडांनी बंद केलेला. बॉम्बे सॅपर्सच्या ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी घेऊन सेकंड लेफ्टनंट राणे पुढे होते. ८ एप्रिलला काम सुरू होण्याच्या बेतात असतानाच उखळी तोफांचा मारा आला. दोन माणसे ठार, पाच जखमी, आणि त्या पाचांत राणे स्वतः. मलमपट्टी करून ते परत कामाला लागले. पुढे सुरुंगांच्या टापूतून रणगाडा न्यायचा होता. राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि रणगाडा सरकेल तसे त्याच्याबरोबर खालून रांगत राहिले. दोरी ओढून चालकाला थांब आणि चल अशा खुणा करत राहिले. वर काही टनांचे पोलाद, खाली सुरुंग, आणि बाजूंनी गोळीबार. १० एप्रिलला पाइनची पाच मोठी झाडे आडवी टाकून केलेला अडथळा, भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा मारा असताना, त्यांनी दोन तासांच्या आत मोकळा केला. ११ तारखेच्या रात्री उशिरापर्यंत हे चालले होते. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली. त्या युद्धात पाच जणांना परमवीरचक्र मिळाले, त्यांतले एक राणे. १९९४ मध्ये ते पुण्यात वारले. तात्या, हा पलटणीतला गवंडी!

त्याच वर्षी झोजीला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांच्या उंचीवर, आपले रणगाडे अचानक उभे राहिले आणि शत्रूची पळापळ झाली. ती गोष्ट रणगाड्यांची म्हणून सांगितली जाते. खेचरांच्या पायवाटेचा रणगाड्याजोगा रस्ता करणारे मद्रास सॅपर्स त्या गोष्टीत क्वचितच येतात. १९७१ ची बसंतरची लढाई घ्या. अरुण खेत्रपाल यांचे नाव आपल्या मुलांना शाळेत कळते, आणि कळायलाच हवे. त्या पोराने प्राण देऊन ते कमावले आहे. पण त्या मोहिमेत रणगाड्यांसाठी सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाट काढणारे कोण? ९ व्या इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी त्यात कामी आले, मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. हे नाव ऐकलेला एक जण या दिवाळीत फराळाला तुमच्या घरी येतो का, ते बघा. मामा म्हणायचे, "पुलावरून फौज जाते तेव्हा तिला पूल दिसत नाही. आम्ही तर पुलाखाली पाण्यात असायचो." ते तक्रारीच्या सुरात म्हणत नसत. तक्रार माझी आहे.

इथे मी सॅपरला संत करतो आहे असा आक्षेप येईल. तसे नाही. सॅपर पूल बांधतो तसा उडवतोही. सुरुंग काढतो तसे पेरतोही. युद्ध संपले तरी सुरुंग संपत नाहीत आणि नांगरताना शेतकऱ्याचा पाय जातो, हे मला ठाऊक आहे. मामांनाही ठाऊक होते. म्हणून तर पेरलेल्या प्रत्येक सुरुंगाची नोंद नकाशावर काटेकोर ठेवण्याची शिस्त आपल्या दलात कशी आहे, हे सांगताना त्यांचा आवाज कडक व्हायचा. मी एवढेच म्हणतो की, तो सैनिक आहे. पूर्ण सैनिक आहे. त्याला अर्धा मानू नका.

अर्धा मानण्याचा दुसरा एक प्रकार आहे, आणि तो कौतुकाच्या पोटातून येतो. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. नवा पूल बांधायला सैन्याला बोलावले गेले, बॉम्बे सॅपर्सनी तो बांधला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. आपण टाळ्या वाजवल्या. त्या वेळी काही माजी सेनाधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली, तर आपण त्यांनाच नावे ठेवली. मला त्यांचे म्हणणे पटते. पूर, भूकंप, दरड यांत सैनिकाने धावून जाणे वेगळे. पण शांततेच्या काळात, सगळी खाती आणि सगळे पैसे हाताशी असताना, रोजच्या येण्याजाण्याचा पादचारी पूल वेळेवर होत नाही म्हणून सैनिकाला हाक मारावी लागते, यात सैनिकाची थोरवी दिसते तितकीच आपली नामुष्की दिसते. सॅपरचे शौर्य हे आपल्या आळसावरचे औषध नव्हे. पलटणीतला गवंडी म्हणून हसायचे आणि आपला गवंडी नापास झाला की त्यालाच बोलवायचे, हा कोणता न्याय?

धावून जाणे कशाला म्हणतात ते २०२४ मध्ये वायनाडला दिसले. ३० जुलैच्या पहाटे दरडी कोसळल्या, गावेच्या गावे गेली, चूरलमला आणि मुंडक्काई यांच्यामधला पूल वाहून गेला. पलीकडे माणसे अडकलेली. मद्रास सॅपर्सनी सुमारे ३१ तासांत १९० फुटांचा बेली पूल उभा केला. या पुलाची युक्ती सोपी आणि सुंदर आहे. दहा फूट लांबीच्या पोलादी चौकटी, सहा माणसांनी उचलाव्यात एवढ्या वजनाच्या, खिळींनी एकमेकींत अडकवत जायच्या आणि सबंध सांगाडा रुळांवरून एका काठाकडून हळूहळू पुढे ढकलत दुसऱ्या काठाला टेकवायचा. मागचा भार जास्त ठेवायचा, म्हणजे पुढचे टोक नदीत कोसळत नाही. त्या कामावर पावसात उभ्या होत्या मेजर सीता शेळके. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. पुतणीने त्यांचे छायाचित्र माझ्यापुढे धरले आणि विचारले, "काका, या कोण? पलटणीतल्या गवंडीणबाई?" मी काय बोलणार?

आता तात्यांची दुसरी समजूत. गवंडी ही शिवी का व्हावी?

हे भांडण खरे तर सैन्याचे नाहीच. ते आपल्या घरचे आहे. आपल्या समाजाने फार जुन्या काळापासून माणसांची उतरंड रचली, आणि तिच्यात ज्याचा हात मातीला, दगडाला, चिखलाला लागतो त्याला खाली बसवले. तलवार धरणारा हात मानाचा आणि कुदळ धरणारा हात हलका. बेलदार, वडार, पाथरवट यांनी आपल्या विहिरी खणल्या, तट बांधले, देवळे उभी केली, आणि आपण त्यांना गावाच्या कडेला पाल ठोकायला सांगितले. वेरुळचे कैलास पाहून आपण राजाचे नाव विचारतो. तो डोंगर वरून खाली कोरत आणणाऱ्याचे विचारत नाही. तात्या त्या दिवशी सॅपरला हसले नाहीत. ते कुदळीला हसले. आणि मी शाळेत तीस वर्षे मुलांना श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहायला लावून त्यांच्याबरोबर हसलो.

या तुच्छतेची शिक्षाही आपण रोज भोगतो. आमच्या शहरात इंजिनिअरिंगची महाविद्यालये मोजायला दोन हातांची बोटे पुरायची नाहीत. पदवी घेऊन मुले बाहेर पडतात आणि हाताला माती लागू नये अशी नोकरी शोधतात. आईबापही तीच शोधायला सांगतात. मग रस्ता पहिल्याच पावसात उखडतो आणि आपण कंत्राटदाराला शिव्या देतो. कंत्राटदार दोषी असेलही. पण ज्या समाजात काम करणाऱ्या हाताला किंमत नाही, तिथे चांगले काम कोणी कोणासाठी करावे? सॅपरची परंपरा याच्या नेमकी उलटी आहे. तिथे अधिकारी कंबरभर पाण्यात आधी उतरतो. राणे रणगाड्याखाली स्वतः शिरले, माणूस पाठवला नाही. नकाशा काढणारे डोके आणि माती उकरणारा हात एकाच देहाचे असतात, हे त्या दलाने मानले. आपण अजून मानलेले नाही.

गंमत अशी की, मानायला आपल्याला बाहेरून काही शिकायला नको. खंडेनवमी आपल्याकडे होतीच. त्या दिवशी पाटावर तलवारीशेजारी शेतकऱ्याचा नांगर-कोयता, सुताराचा रंधा, विद्यार्थ्याची पुस्तके, सगळे एका ओळीत मांडले जाते आणि सगळ्यांना एकच हळदकुंकू लागते. आयुध म्हणजे ज्याने आयुष्य राखले जाते ते. आमच्या घरी मामा दरवर्षी आपली कुदळ धुऊनपुसून पाटावर ठेवीत. वडिलांना, ते कचेरीत कारकून, ते फारसे रुचत नसे. आपल्या दौतीलेखणीपासून ते कुदळ जरा लांब सरकवीत. आई काही न बोलता परत जवळ सरकवी. मामा गेल्यानंतर कुदळ माळ्यावर गेली आणि पाट सुटसुटीत दिसू लागला. घरातल्या कोणालाही चुकल्यासारखे वाटले नाही. मलाही नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी ती माळ्यावरून काढली. दांडा वाळवीने खाल्ला होता. पाते गंजले होते, पण शाबूत होते. नवा दांडा बसवून घ्यायला सुताराकडे गेलो, तर त्याने विचारले, "बागेसाठी का गुरुजी?" मी म्हटले, "पूजेसाठी." त्याला ते मुळीच चमत्कारिक वाटले नाही.

स्थळाचे म्हणाल, तर ते जुळले आहे. मुहूर्त मात्र गुरुजींच्या पंचांगावर नसून कॅप्टनसाहेबांच्या रजेवर अवलंबून आहे. तात्यांना मी आमंत्रण द्यायला स्वतः जाणार आहे आणि हा अंक बरोबर नेणार आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा अंगणात मुले किल्ला करीत असतील. वर सिंहासन असेल, बुरुजांवर मावळे असतील, हौशी घरांत एखादा रणगाडाही असेल. खाली पायथ्याशी एक कुदळवाला उभा करायला मुलांना सांगा. बाजारात तो मिळायचा नाही. मी गुलमंडीवर तीन दुकाने पालथी घातली, चित्रे विकणाऱ्याने "तसले कोणी मागत नाही" म्हणून सांगितले. तेव्हा तो घरीच मातीचा करावा लागेल. करताना मुलांचे हात भरतील, तर भरू द्या.